खुणेचे वाल आणि रानातले बिबटे : त्रैराशिकाचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

त्रैराशिक शिकविताना मजूर, भिंती आणि दिवस यांची उदाहरणे वर्गात इतक्या वेळा सोडविली जातात, की ती भिंत अखेर पुरी झाली काय, याचे मुलांना अगत्य उरत नाही. उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. ते जुळले की गणित संपले. परंतु ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही आणि जे जाणून घेण्याची इच्छा मुलांना, त्यांच्या आईबापांना व शासनालाही आहे, असा त्रैराशिकाचा एक प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या दाराशीच उभा आहे. येऊरच्या रानात बिबटे किती?

ठाणे शहराला लागून असलेले येऊरचे रान हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडील भाग होय. ठाणे व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्या कडेकडेने मनुष्यवस्ती वाढत गेली आहे. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यातील भर वस्तीच्या एका व्यापारी संकुलात बिबटा शिरला होता. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्व भागात एका इमारतीत शिरलेल्या बिबट्याने काही जणांना जखमी केले. असे काही घडले की संख्येची चर्चा सुरू होते. समजा, सोमवारी एकाने डोंगराच्या पायथ्याशी बिबटा पाहिला, बुधवारी दुसऱ्याने पाड्याच्या वाटेवर पाहिला आणि शुक्रवारी तिसऱ्याने तळ्याकाठी पाहिला. शनिवारच्या बाजारात ‘तीन बिबटे आले आहेत’ अशी वार्ता होते. एकच बिबटा तीनदा दिसला असेल, ही शक्यता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

एकच प्राणी पुन्हा पुन्हा दिसणे हा साध्या मोजणीतील मोठा दोष होय. परंतु तोच दोष हाती धरून एकूण संख्या काढण्याची युक्ती गणिताने शोधली आहे. प्राणी पुन्हा भेटणे ही अडचण नसून तीच या प्रश्नाची किल्ली आहे, हे मुलांना स्वतःच्या हाताने पडताळून पाहता यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. समप्रमाणाचा उपयोग करून, ज्याची सरळ मोजणी होऊ शकत नाही अशा समूहाची संख्या अंदाजाने काढता येणे.

२. अंदाज आणि मोजणी यांतील भेद कळणे; अंदाज कोणत्या अटींवर खरा ठरतो हे सांगता येणे.

३. कानावर आलेला आकडा स्वीकारण्यापूर्वी ‘तो कसा काढला?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लागणे.

साहित्य व पूर्वतयारी

रुंद तोंडाचे एक मडके, दोन वाट्या पांढरट वाल आणि काळी शाई एवढे साहित्य पुरे. वाल नसल्यास चिंचोके घेऊन त्यांवर चुन्याचा ठिपका द्यावा. वाल साधारण एकाच आकाराचे निवडावेत. शिक्षकांनी आदल्या दिवशी २४० वाल मोजून मडक्यात भरावेत व ही संख्या वर्गाला सांगू नये. पाठाला दोन तासिका लागतात. सहा ते आठ मुलांचे एक याप्रमाणे वर्गाचे गट पाडावेत.

पाठाचा विकास : पहिली तासिका

मडके मेजावर ठेवून शिक्षकांनी विचारावे, “सगळे वाल बाहेर न काढता यात किती वाल आहेत हे कसे सांगाल?” काही मुले नजरेने अंदाज करतील, काही वजनाची युक्ती सुचवतील. सर्व उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत. त्यानंतर एका मुलाकडून ४० वाल बाहेर काढवून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना शाईचा ठिपका द्यावा. शाई पूर्ण वाळल्यावर हे वाल मडक्यात परत टाकून मडके चांगले ढवळावे. ढवळण्यात आळस झाल्यास पाठ फसतो.

आता दुसऱ्या मुलाने डोळे मिटून ५० वाल काढावेत. त्यांत ठिपक्याचे ८ निघाले असे समजू. शिक्षकांनी विचारावे, “या ५० मध्ये ठिपक्याचे ८ आहेत. मडक्यात तर ठिपक्याचे ४० आहेत. मग मडक्यात एकूण किती?” त्रैराशिक येणाऱ्या मुलास पुढची पायरी सांगावी लागत नाही. ठिपक्याचे ८ तर एकूण ५०. ठिपक्याचे ४० तर एकूण किती? ४० × ५० ÷ ८ = २५०. मडक्यात सुमारे २५० वाल असावेत.

हे सूत्र फळ्यावर शब्दांत लिहावे : पहिल्या खेपेस खूण केलेले, गुणिले दुसऱ्या खेपेस हाती आलेले, भागिले त्यांपैकी खुणेचे निघालेले. सूत्र पाठ करून घेण्याची घाई करू नये. मडक्यात खुणेच्या वालांचे जे प्रमाण आहे, तेच प्रमाण हाती आलेल्या वालांतही साधारणपणे यावयास पाहिजे, हा विचार मुलांच्या मनात पक्का झाला म्हणजे सूत्र ती आपले आपण मांडतात. खुणेचे वाल वारंवार हाती येऊ लागले तर समूह लहान आहे; क्वचितच आले तर समूह मोठा आहे. पेठेत गेल्यावर तेच ते चेहरे भेटत राहिले तर गाव लहान, आणि दिवसभर हिंडूनही ओळखीचे माणूस भेटले नाही तर शहर मोठे, हा अनुभव मुरबाडहून कल्याणला आलेल्या मुलास असतोच.

यानंतर काढलेले वाल परत टाकून, पुन्हा ढवळून, प्रत्येक गटाने आळीपाळीने ५० वाल काढावेत व आपापले उत्तर फळ्यावर लिहावे. सहा गटांना समजा ठिपक्याचे अनुक्रमे ६, ७, ८, ९, १० व ११ वाल मिळाले, तर उत्तरे पुढीलप्रमाणे येतील : ३३३, २८६, २५०, २२२, २००, १८२. मडके एकच, रीत एकच, गणितात कोणाची चूक नाही. तरी उत्तरे १८२ पासून ३३३ पर्यंत पसरली. येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. ‘कोणाचे उत्तर बरोबर?’ असे मुले विचारतील. एकेकट्या उत्तराचा फारसा भरवसा धरता येत नाही, हेच या पसाऱ्याचे सांगणे आहे. आता सहाही गटांचे वाल एकत्र धरावेत : हाती आलेले ३००, त्यांत खुणेचे ५१. ४० × ३०० ÷ ५१ = सुमारे २३५. अखेरीस मडके रिकामे करून वर्गाकडून मोजणी करवून घ्यावी. २४० हा आकडा उच्चारला जाईल तेव्हा, आपण न मोजताच इतके जवळ पोहोचलो होतो याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसल्यावाचून राहणार नाही.

पाठाचा विकास : दुसरी तासिका

रानात मडक्यासारखे एकदाच खूण करून भागत नाही. प्रत्येक खेपेस जे नवे हाती येतील त्यांनाही खूण करीत जाण्याची रीत अधिक सोयीची ठरते. तीच मडक्यावर करून पाहावी. कोऱ्या २४० वालांनी आरंभ करून प्रत्येक खेपेस ३० वाल काढावेत, बिनखुणेच्या वालांना ठिपका द्यावा आणि सर्व वाल परत टाकावेत. नमुन्यादाखल चार खेपांची नोंद अशी होईल :

पहिली खेप — काढले ३०, आधी खुणेचे कोणीच नव्हते, नवे ३०.
दुसरी खेप — काढले ३०, मडक्यात खुणेचे ३०, हाती आलेले खुणेचे ४, नवे २६.
तिसरी खेप — काढले ३०, मडक्यात खुणेचे ५६, हाती आलेले खुणेचे ७, नवे २३.
चौथी खेप — काढले ३०. मडक्यात खुणेचे ७९. हाती आलेले खुणेचे १०.

दुसऱ्या खेपेपासून प्रत्येक खेपेची ‘काढलेले’ व ‘आधीचे खुणेचे’ यांचा गुणाकार करून बेरीज करावी : ९०० + १६८० + २३७० = ४९५०. खुणेचे पुन्हा भेटलेले एकूण ४ + ७ + १० = २१. ४९५० ÷ २१ = सुमारे २३६. खेपा वाढतात तसा अंदाज स्थिरावत जातो, हे मुलांना येथे दिसून येते.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “दुसऱ्या खेपेस खुणेचा एकही आला नाही तर?” शून्याने भागता येत नाही, सबब सूत्र तेथे अडते. यावर उपाय म्हणून १९५१ साली डग्लस चॅपमन या संख्याशास्त्रज्ञाने तिन्ही संख्यांत एकेक मिळवून आकडेमोड करावी व उत्तरातून एक वजा करावा, अशी दुरुस्ती मांडली. पहिल्या तासिकेतील उदाहरणात ती लावल्यास ४१ × ५१ ÷ ९ − १ = सुमारे २३१ येतात. पुन्हा भेटलेल्यांची संख्या लहान असता साधे सूत्र उत्तर थोडे फुगविते. ही दुरुस्ती ती सूज उतरविते.

पद्धतीचा पूर्वेतिहास

ही रीत एका माणसाने एका दिवशी शोधलेली नाही. फ्रान्सचे गणिती लाप्लास यांनी १८०२ साली आपल्या देशाची लोकसंख्या अशाच तर्काने काढली. काही निवडक भागांत माणसे आणि जन्म दोन्ही मोजले असता एका वर्षातील दर जन्मामागे सुमारे २८.३५ माणसे आढळली. देशभरातील वार्षिक जन्मांना या संख्येने गुणले की देशाची लोकसंख्या हाती येते. पुढे १८९६ साली डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पेटरसन यांनी लिमफ्यॉर्ड या खाडीतील माशांवर खुणा करण्याचे काम प्रसिद्ध केले. तो मासा कोकणकिनाऱ्यावरील लेपासारखा चपटा असतो. १९३० साली अमेरिकेत लिंकन यांनी बदकांच्या पायांत कडी घालून, शिकाऱ्यांकडून परत आलेल्या कड्यांवरून बदकांची संख्या अंदाजली. म्हणूनच साध्या सूत्रास लिंकन-पेटरसन यांचे नाव जोडले जाते. प्रत्येक खेपेस नव्या खुणा करीत जाण्याची रीत १९३८ साली झोई श्नाबेल या गणिती स्त्रीने मांडली. जन्म, मृत्यू व स्थलांतर चालू असतानाही संख्या कशी काढावी, याचे गणित १९६५ साली जॉली आणि सेबर यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

बिबट्याला खूण कशी करावी?

वालाला शाई लागते, माशाला बिल्ला अडकविता येतो, बदकाला कडे घालता येते. बिबट्याला मात्र खूण करावी लागत नाही. ती त्याने जन्मतःच अंगावर आणलेली असते. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रांगोळी दुसऱ्या कोणत्याही बिबट्याशी जुळत नाही, जसा एका माणसाच्या अंगठ्याचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही. त्याच्या डाव्या कुशीवरील ठिपके उजव्या कुशीशीदेखील जुळत नसतात. यासाठी रानवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन स्वयंचलित कॅमेरे बसवितात. प्राणी मधून गेला की दोन्ही कुशींचे छायाचित्र एकदमच निघते. पहिले छायाचित्र म्हणजे खूण करणे, आणि त्याच प्राण्याचे दुसरे छायाचित्र म्हणजे पुन्हा सापडणे. प्राण्याला हातही न लावता त्याला ‘पकडण्याची’ ही रीत वाघांच्या बाबतीत उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे वापरली व त्यावरील शोधनिबंध १९९५ साली प्रसिद्ध केला.

त्यापूर्वी वाघ-बिबट्यांची गणना पाऊलठशांवरून होत असे. ठसा ओल्या मातीत वेगळा उमटतो, कोरड्या धुळीत वेगळा, आणि एकाच प्राण्याचे दोन ठसे दोन प्राण्यांचे वाटू शकतात. राजस्थानातील सरिस्का येथे गणनेच्या कागदावर वाघ होते. परंतु २००५ च्या सुमारास रानात एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. चुकीचा आकडा हा केवळ गणिताचा दोष राहत नाही. वाघ आहेत असे कागद सांगत होता, म्हणून ते नाहीसे होत असताना धोक्याची घंटा वेळेवर वाजली नाही. २००६ पासून देशभरातील गणनेत कॅमेऱ्यांच्या रीतीचा अवलंब करण्यात आला.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कॅमेऱ्यांच्या आधारे झालेल्या पाहणीत २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबट्यांची नोंद झाली. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना हे आकडे अवश्य सांगावेत. मात्र त्यांच्यासोबत पुढील विवेचनही सांगावे.

चार अटी

मडक्यातील उत्तर खरे येते याचे कारण तेथे चार अटी पाळल्या जातात. प्रत्येक अट मुद्दाम मोडून दाखविल्यास ती मुलांच्या ध्यानात कायमची राहते.

पहिली अट : दोन खेपांच्या दरम्यान समूहात भर पडू नये व घटही होऊ नये. मडक्याला भिंती असतात, रानाला नसतात. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, त्याच्या अंगात ओळखीची सूक्ष्म चकती बसवून व गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातील हा प्राणी ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झाला. तो महामार्ग, लोहमार्ग व वस्त्या ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईलगतच्या रानापर्यंत आला. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदर परिसरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबटा मरण पावला. अंगातील चकतीवरून तो आजोबाच असल्याचे कळले. मुरबाड तालुक्याच्या टोकाशी खूण घेऊन सुटलेला प्राणी ठाण्याच्या वेशीवर ‘पुन्हा सापडला’. गणनेचा काळ थोडक्या दिवसांचा ठेवतात तो याच कारणासाठी.

दुसरी अट : खूण पुसली जाऊ नये आणि ती बिनचूक वाचली जावी. ओल्या बोटांनी दोन वालांवरील शाई पुसली गेली व खुणेचे १० असताना ८ मोजले गेले, तर उत्तर २०० ऐवजी २५० येते. हरवलेली खूण संख्या फुगविते.

तिसरी अट : प्रत्येकाला सापडण्याची संधी सारखी असावी. मडके न ढवळता खुणेचे वाल वरच राहू दिले व ५० मध्ये खुणेचे २० आले, तर उत्तर अवघे १०० येईल. रानात एखाद्या मादीच्या वावराच्या टापूत एकही कॅमेरा नसेल, तर ती मोजणीपुरती अस्तित्वातच नसते. म्हणून कॅमेऱ्यांतील अंतर असे ठेवितात, की कोणाचाही टापू अजिबात वगळला जाऊ नये.

चौथी अट : एकदा सापडल्यामुळे वागणूक बदलू नये. पिंजऱ्यातील आमिषाची चटक लागलेला उंदीर पुन्हा पुन्हा येतो आणि अंदाज घटवितो. एकदा भ्यालेला प्राणी पुन्हा फिरकत नाही आणि अंदाज वाढवितो.

आकडा कसा वाचावा?

३५ आणि ४७ या आकड्यांवरून ‘तीन वर्षांत बारा बिबटे वाढले’ असे वाक्य मुले चटकन बनवतील. शिक्षकांनी विचारावे, “दोन्ही वेळी कॅमेरे सारखेच होते काय? किती रात्री ठेवले होते? तेवढाच प्रदेश धरला होता काय?” या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज वजाबाकी करू नये. छायाचित्रांत ओळखलेले प्राणी आणि गणिताने अंदाजलेले प्राणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगावे. ओळखलेल्यांची संख्या किमान असते; न दिसलेल्यांचा हिशेब गणिताला करावा लागतो.

प्रामाणिक अंदाज नेहमी आपल्या मर्यादेसह सांगितला जातो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ च्या गणनेत भारतात १३,८७४ बिबटे अंदाजले गेले. त्यासोबत १२,६१६ ते १५,१३२ अशी कक्षाही दिली आहे. महाराष्ट्राचा अंदाज १,९८५ होता. हा आकडा बिबट्यांच्या सुमारे ७० टक्के अधिवासाचा असून हिमालय व निमकोरडे प्रदेश यांत पाहणी झाली नव्हती, असेही अहवालात नमूद आहे. मर्यादा सांगितल्याने आकड्याचे वजन कमी होत नाही. उलट तो विश्वासास पात्र होतो. पहिल्या तासिकेत ‘सुमारे २५०’ म्हणणारा गट ‘२५० च’ म्हणणाऱ्या गटापेक्षा अधिक खरे बोलत होता, याची येथे आठवण द्यावी.

शाळेच्या पटाशी संबंध

या रीतीचा एक उपयोग शिक्षकांच्या स्वतःच्या कामाशी निगडित आहे. खुणेऐवजी नाव धरले व दोन खेपांऐवजी दोन याद्या धरल्या, तर हेच त्रैराशिक माणसांनाही लागू पडते. १९४९ साली सी. चंद्रशेखरन व अमेरिकेचे डेमिंग यांनी बंगालमधील सिंगूर येथील जन्म-मृत्यूंची निबंधकाची यादी आणि घरोघर फिरून केलेली यादी ताडून पाहिली, आणि दोन्ही याद्यांतून सुटलेल्या घटना किती असाव्यात, हे काढण्याची रीत मांडली. हेच चंद्रशेखरन पुढे, १९५६ साली चेंबूर येथे स्थापन झालेल्या लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले.

महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. त्या वेळी एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली होती. शाईचा तो उपयोग पुनरुक्ती टाळण्यासाठी होता. पुनरुक्तीतून काही शिकण्यासाठी नव्हता. आता एक उदाहरण कल्पावे. दिवाळीनंतर कल्याण, भिवंडी, शहापूर या भागांत वीटभट्ट्या सुरू होतात व कामासाठी कातकरी आणि इतर कुटुंबे मुलाबाळांसह तेथे येऊन राहतात. एका परिसरात शाळेच्या शिक्षकांनी फिरून ६० मुलांची यादी केली. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे ४८ मुलांची केली. दोन्ही याद्यांत ३६ नावे समान निघाली. दोन्ही मिळून नावे झाली ७२. त्रैराशिक मात्र सांगते, ६० × ४८ ÷ ३६ = ८०. म्हणजे कोणत्याच यादीत नसलेली सुमारे आठ मुले त्या परिसरात असावीत.

येथे बिबट्याचे गणित आणि मुलांचे गणित यांच्या वाटा वेगळ्या होतात. रानाच्या व्यवस्थेला ‘सुमारे इतके’ एवढे उत्तर पुरते. शाळेला ते पुरत नाही; त्या आठ मुलांना नावे आहेत आणि ती शोधलीच पाहिजेत. शिवाय तिसऱ्या अटीचा विसर पडू देऊ नये. जी भट्टी आडवाटेला आहे, तेथे बहुधा दोन्ही यादी करणारे पोहोचलेले नसतात. तशा वेळी समान नावांचे प्रमाण उगाच मोठे दिसते व अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून आठ हा आकडा ‘निदान आठ’ असा वाचावा, आणि शोध आडवाटेच्या भट्टीपासून सुरू करावा.

सूचना

हा प्रयोग जिवंत प्राण्यांवर करू नये. वन्य प्राणी पकडण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. पाठासाठी मुलांना रानात नेण्याचेही कारण नाही. मडके पुरेसे आहे.

स्वाध्याय

१. एका तळ्यातील ६० माशांना खूण करून सोडले. काही दिवसांनी पकडलेल्या ७५ माशांत खुणेचे १५ निघाले. तळ्यात सुमारे किती मासे असावेत? (उत्तर : ३००)

२. वरील उदाहरणात मधल्या काळात खुणेच्या काही माशांचे बिल्ले गळून पडले असतील, तर ३०० हे उत्तर खऱ्यापेक्षा जास्त की कमी? कारण सांगा.

३. ठाणे खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे थवे दुरून सारखेच दिसतात. बिबट्याची रीत त्यांना जशीच्या तशी का लागू पडत नाही? कोणती खूण करावी लागेल?

४. गावात एका आठवड्यात बिबटा पाच वेळा दिसल्याचे कोणी सांगितले, तर ‘पाच बिबटे आहेत’ असे म्हणण्यापूर्वी कोणते प्रश्न विचाराल?

समारोप

पाठाच्या शेवटी शिक्षकांनी मुलांचे आरंभीचे, नजरेने केलेले अंदाज पुन्हा वाचून दाखवावेत. त्यांतील एखादा योगायोगाने २४० च्या अगदी जवळ असेल. तो कसा काढला, हे त्या मुलास सांगता येणार नाही. गटाचा २३५ कसा आला, हे मात्र वर्गातील प्रत्येक मूल सांगू शकेल. सांगता येणारी रीत तपासता येते आणि चुकली तर सुधारता येते. चौथ्या स्वाध्यायाचे प्रश्न मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारले, आणि आकड्याच्या भीतीने भरलेल्या घरात एकाने तरी ‘तो एकच असेल’ असे म्हटले, तर पाठाचे चीज झाले असे समजावे.